स्कॅनरबाबा की जय!

आपल्या आयटीवाल्यांची एक गंमत आहे बघा. प्रॉडक्शनचा सर्व्हर झोपला तर रात्री दोन वाजता लॉग चाळत बसू, एकेक शक्यता कापत जाऊ, आणि "एकदा रिस्टार्ट मारून बघू का?" म्हणणाऱ्या ज्युनियरला कच्चा खाऊ. तोच माणूस शनिवारी गाडी चालू झाली नाही की किल्ली काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, "जे काय असेल ते बदलून टाका." समोरचा बदलतो. का नाही बदलणार?

माझं भांडण आहे ते ह्या 'बदलून टाका'शी.

समजा, गाडी मिसिंग मारतेय. स्कॅनर लावला, कोड आला पी०३०१. म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर. बास, एवढंच. कारण प्लग असेल, कॉइल असेल, इंजेक्टर असेल, नाहीतर कॉम्प्रेशन गेलं असेल. हा एरर मेसेज आहे हो, रूट कॉज नव्हे! पण बिलावर थेट चार कॉइल आणि चार प्लग. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल तर ह्याची टेस्ट फुकट आहे. इंजिन बंद करून थंड होऊ द्या, पहिल्याची कॉइल तिसऱ्यावर लावा, तिसऱ्याची पहिल्यावर. कोड पुसा, चक्कर मारून या. आता पी०३०३ आला तर कॉइल गुन्हेगार. पी०३०१च आला तर कॉइल सुटली, प्लगची तीच अदलाबदल करा. (ठिणगी बघायला वायर उपसून बॉडीजवळ धरायची जुनी ट्रिक मात्र विसरा. तिथे हजारो व्होल्ट असतात, आणि कॉइलही मरते. त्यासाठी ठरावीक गॅपचा स्पार्क टेस्टर मिळतो.)

आता माझं लाडकं हत्यार, टेस्ट लॅम्प. एक टोकदार दांडी, आत छोटा बल्ब, मागे वायर आणि क्लिप. वायरमनच्या खिशात असतो तो निऑन टेस्टर नव्हे. किंमत एका पिझ्झ्याहून कमी. लोक म्हणतात, मल्टिमीटर असताना हा कशाला? तर ऐका. मल्टिमीटरचा स्वतःचा रोध साधारण १ कोटी ओहम, तो करंट जवळजवळ घेतच नाही. कनेक्टर गंजून मध्ये १०० ओहमचा रोध आला असेल, तरी मीटर खुशाल १२ व्होल्ट दाखवतो. ५ वॅटच्या बल्बला मात्र ०.४ अँपिअर लागतो. त्या गंजातून तो मिळतच नाही आणि बल्ब पेटत नाही. मीटर 'पिंग' करतो, बल्ब प्रत्यक्ष लोड टाकतो. पावसाळ्यानंतर हॉर्न किंवा हेडलाइट गेला की ह्याच एका फरकावर अर्धी कामं सुटतात. फक्त एअरबॅगच्या (पिवळ्या कनेक्टरच्या) आणि ईसीयूच्या वायरींना हा लावायचा नाही.

मीटर बिनकामाचा आहे असं मुळीच नाही. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना ती साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ दिसतं (नव्या स्मार्ट अल्टरनेटरवाल्या गाड्यांत हा आकडा हलतो). आणि जे कुणीच बघत नाही ते: सेल्फ मारताना बॅटरीचा निगेटिव्ह आणि इंजिनचा धातू ह्यांच्यात किती व्होल्ट? अर्धा व्होल्ट आला तर दोष अर्थच्या पट्टीत आहे. सेल्फ आणि बॅटरी दोन्ही निर्दोष, दहाचा पाना आणि पॉलिश पेपर पुरे.

आमच्या टीममधल्या एकाने आठ महिन्यांत दोन बॅटऱ्या बदलल्या. गाडी फक्त शनिवार-रविवार बाहेर निघायची. तिसरीचं कोटेशन आलं तेव्हा आम्ही गाडी बंद करून, अर्धा तास तिला झोपू देऊन, निगेटिव्ह केबलमध्ये मीटर सिरीजमध्ये लावला. साधारण ५० मिलिअँपिअर अपेक्षित, दिसले ४००. ०.४ अँपिअरने ४५ एएचची बॅटरी पाच दिवसांत रिकामी होते, हे तर शाळेतलं गणित! एकेक फ्यूज काढत गेलो, आणि निघाला कोण? डॅशकॅम. बसवणाऱ्याने कायम चालू राहणाऱ्या फ्यूजवर जोडलेला. दोन्ही बॅटऱ्या चांगल्या होत्या.

"पण हल्लीच्या गाड्या कॉम्प्युटर असतात." असतात ना! पण कॉम्प्युटरलाही प्लस आणि अर्थच लागतो. हायब्रिड-इलेक्ट्रिकच्या नारिंगी केबलींना हात लावू नये, हे मान्य. स्कॅनर आणि मॅन्युअल बाहेरच्या गॅरेजला मिळू न देण्याचा खेळही आहेच. २०१४ साली स्पर्धा आयोगाने त्यापायी १४ कार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. (पुढे अपिलांत काय काय झालं ती वेगळी कथा.) पण टेस्ट लॅम्प कुणी कुलपात ठेवलेला नाही.

"माझ्या एका तासाची किंमत जास्त आहे" हा दुसरा युक्तिवाद. ठीक. मग स्वतः नका करू, काउंटरवर नुसतं विचारा. कॉइल बदलायची म्हणताय, अदलाबदल करून पाहिली का? बॅटरी म्हणताय, गळती किती मिलिअँपिअर आली? आणि उत्तर येईपर्यंत किल्ली खिशातच ठेवा.