कोणता कॅमेरा घेऊ?

परवा ऑफिसात चहाच्या वेळी टीममधल्या एका मित्राने विचारलं, "अरे, तुला कॅमेऱ्यातलं कळतं ना? कोणता घेऊ? बजेट सत्तर हजार." दोन महिन्यांनी तो बाबा होणार आहे. एरवी लेन्स, सेन्सर, फुल फ्रेम यावर मी अर्धा तास सहज बोललो असतो. (फोटोग्राफी हौशी असली तरी सल्ले मी प्रोफेशनलच्या थाटात देतो!) पण त्याला वेगळीच गोष्ट सांगितली.

२०११ साली माझी मुलगी झाली तेव्हा माझ्याकडे नवाकोरा डीएसएलआर होता. पहिल्या वर्षात तिचे पाचेक हजार फोटो काढले. सगळे रॉ मध्ये. कारण जेपेगमध्ये लाल, हिरवा, निळा यांच्या प्रत्येकी २५६च पातळ्या, तर १४ बिट रॉ मध्ये १६,३८४. हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचो. आणि हे सगळे फोटो होते कुठे? एका हार्ड डिस्कवर. फक्त एका. ऑफिसातल्या डेटाबेसचा बॅकअप रोज रात्री होतोय की नाही, हे बघणं तेव्हा माझंच काम होतं!

एका रविवारी ती डिस्क टेबलावरून पडली. नुसती टक्‌ टक्‌ वाजत राहिली. डेटा काढून देणाऱ्यानेही आठ दिवसांनी हात वर केले.

वाचले ते ५४ फोटो, आणि तेही आईमुळे. "तुझ्या त्या डबीत मी काय बघू? मला हातात धरून बघायचेत," म्हणून ती दर महिन्याला मागे लागायची आणि मी कटकट करत कोपऱ्यावरच्या लॅबमधून चार-पाच प्रिंट आणायचो. फोटो निवडायची मात्र तीच. पार्श्वभूमी छान ब्लर झालेले माझे लाडके फोटो ती बाजूला सारायची. तिला हवी असायची रडणारी नात, तिला घेऊन घाबरलेले आजोबा, मागे दोरीवर वाळणारे लंगोट. आज त्या फोटोंत आमचं जुनं घर दिसतं. माझ्या 'कलात्मक' फोटोंत ते दिसलं नसतं.

आता थोडं गणित. चार बाय सहा इंचाची प्रिंट इंचाला ३०० ठिपक्यांनी काढली तर लागतात १८०० गुणिले १२००, म्हणजे जेमतेम २.२ मेगापिक्सेल. बाराची प्रिंटसुद्धा आठ बाय बारा इंचाची काढलीत तर साडेआठच्या आसपास. आजच्या साध्या फोनमध्येही याहून जास्त असतात. म्हणजे अडचण कॅमेऱ्याची नाहीच. अडचण आहे फोटो काढल्यानंतरची.

"पण आता क्लाउड आहे ना?" आहे की! पण सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. बऱ्याच सेवांमध्ये फोनवरून फोटो उडवला की तिकडूनही उडतो. शिवाय सोयी कायमच्या नसतात. पिकासा २०१६ मध्ये बंद झालं, गुगल फोटोजची फुकट अमर्याद जागा १ जून २०२१ पासून संपली. प्रिंटही अमर नाही म्हणा. भिजते, पिवळी पडते. म्हणून दोन्ही हवं. पीटर क्रोग या फोटोग्राफरने रूढ केलेला ३-२-१ चा नियम सोपा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर.

तेव्हा माझं मत असं, की सत्तर हजारांतले दहा आधी बाजूला काढावेत. त्यात दोन हार्ड डिस्क आणि वर्षभराच्या प्रिंट्स. उरलेल्यात येईल तो कॅमेरा घ्यावा. आणि महिन्यातून एकदा, घरातल्या ज्या माणसाला कॅमेऱ्यातलं काहीही कळत नाही, त्याला पाच फोटो निवडायला बसवावं.

मित्राने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते ठीक आहे रे, पण कॅनन की निकॉन?"

असो. आज शनिवार आहे. मी यंदाचे फोटो घेऊन आईकडे चाललोय.