जास्त दात आम्ही मागितले नव्हते

२०१५ साली 'ज्युरासिक वर्ल्ड' बघून थेटरातून बाहेर पडलो तेव्हा हातात पॉपकॉर्नचा रिकामा डबा होता आणि तोंडात शिवी. डबा टाकला. शिवी अजून तोंडातच आहे. मधल्या काळात २०१८, २०२२ आणि २०२५ असे आणखी तीन भाग आले, आणि दर वेळी कोणीतरी दोस्त म्हणतो, सोड ना यार, डायनासोरचा पिक्चर तो, त्यात एवढं काय! एवढं काय ते आज लिहून टाकतो.

मी समीक्षक नाही. पेपरात तारे वाटायची नोकरी ज्यांना लागली आहे त्यांनी ते खुशाल वाटावेत. मी १९९४ सालचा एक येडा पोरगा आहे, त्या हक्कानं बोलतो.

स्पीलबर्गचा 'ज्युरासिक पार्क' १९९३ साली अमेरिकेत लागला आणि पुढच्या वर्षी आपल्याकडे हिंदी बोलत आला. हे हिंदी बोलणं लहान गोष्ट नव्हती, दोस्तांनो. तोवर इंग्रजी पिक्चर म्हणजे कॉन्व्हेंटच्या पोरांची खासगी मालमत्ता. आम्ही बाहेर उभं राहून पोस्टर वाचायचो, तेही अक्षरं जुळवत. मी नऊ वर्षांचा होतो. बाप खडीच्या खाणीत कामाला. सुट्टीच्या दिवशी अंगावरची धूळ घासून धुतली, इस्त्री नसलेला पांढरा शर्ट घातला आणि मला घेऊन गेला. सगळ्यात पुढच्या रांगेचं तिकीट. तिथून पिक्चर बघायचा म्हणजे मान मागं टाकावी लागते. त्यामुळे तो टी-रेक्स पडद्यावर नव्हताच, तो सरळ आमच्या छातीवर उभा होता.

आधी काय झालं? ग्लासातलं पाणी थरथरलं. बस्स. गोल गोल लाटा. अख्खं थेटर गप. शेंगदाणे खाणारी तोंडं थांबली. त्या थरथरत्या पाण्यासाठी मायकल लँटिएरी नावाच्या कारागिरानं गाडीच्या आत गिटारची तार ताणून छेडली होती, हे मला फार नंतर कळलं. स्टॅन विन्स्टनच्या माणसांनी बांधलेलं ते रबरी धूड पावसाच्या शूटिंगमध्ये पाणी पिऊन जड व्हायचं आणि थरथरायचं, मग माणसं टॉवेलनं त्याचं अंग पुसायची. त्याच्या डरकाळीत हत्तीच्या पिल्लाचं किंचाळणं मिसळलेलं आहे. १२७ मिनिटांच्या पिक्चरमध्ये डायनासोर दिसतात जेमतेम १५ मिनिटं. बाकीचा वेळ काय? वाट बघणं. झाड हलणं. कुंपणातली वीज गेलेली असणं. भीती अशी बनते. हातानं बनते, थांबून बनते.

पिक्चर सुटला. मी रस्त्यानं टी-रेक्सचा आवाज काढत चाललो होतो. बाप गप्प होता. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "का रं, ते पयलं मानूस मेलं पिंजऱ्यावर, त्याच्या घरच्यांनी केस टाकली म्हनला ना तो वकील? मंग पैशे भेटले का त्याच्या बायकोला?"

मी म्हणालो, काय माहीत. आणि पुन्हा डरकाळी फोडली.

त्याच महिन्यात बापाच्या खाणीत सुरुंग उशिरा उडाला होता आणि एक माणूस गेला होता. ठेकेदाराच्या हजेरीवहीत त्याचं नावच नव्हतं. म्हणजे तो मेलाच नव्हता. बाप पिक्चरमध्ये त्याला बघून आला होता आणि मी डायनासोर बघून आलो होतो. पुढे मोठा झाल्यावर वाचलं की दख्खनचा हा काळा पाषाण म्हणजे साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा, डायनासोर संपले तो हाच काळ. बाप रोज त्याच दगडावर घण घालत होता. डायनासोर आमच्या घरात कपड्यांवर धूळ होऊन येत होते, आणि मला पत्ता नव्हता.

त्या प्रश्नासाठी मी पिक्चर पुन्हा बघितला. दहादा बघितला. पहिलाच सीन. रात्र, पिंजरा, आत रॅप्टर. दार उचलायला एक काळा माणूस पिंजऱ्यावर चढतो. जोफ्री. एकदाच हाक ऐकू येते. करणाऱ्या नटाचंच नाव त्या पात्राला चिकटवलेलं, जोफ्री ब्राऊन, स्टंटवाला. तो खाली पडतो, ओढला जातो, संपतो. पुढच्याच सीनमध्ये वकील डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या अंबरच्या खाणीत जातो आणि सांगतो, त्या कामगाराच्या कुटुंबानं २ कोटी डॉलरचा दावा लावलाय, विमेवाले घाबरलेत, गुंतवणूकदार घाबरलेत, तज्ज्ञांची सही आणा. त्या सहीसाठी डॉक्टर ग्रँट बेटावर येतो. म्हणजे बघा, जोफ्री मेला नसता तर गोष्टच घडली नसती. सगळा पिक्चर एका कामगाराच्या मरणावर उभा आहे. आणि त्या दाव्याचं काय झालं, हे सात पिक्चर झाले तरी कोणी सांगितलेलं नाही.

जुना पिक्चर काही क्रांतीचा जाहीरनामा नव्हता, ठाऊक आहे मला. खर्चात काटकसर केली नाही म्हणून मिरवणारा मालक हॅमंड आपल्या कॉम्प्युटरवाल्याशी मात्र पैशावरून घासाघीस करतो, आणि पिक्चर खलनायक ठरवतो त्या कॉम्प्युटरवाल्याला. मायकल क्रायटनच्या १९९० च्या कादंबरीत मालक मरतो, बारकी बारकी डायनासोरं त्याला खातात. स्पीलबर्गनं त्याचा प्रेमळ आजोबा केला आणि हेलिकॉप्टरात बसवून सुखरूप घरी पाठवला. दुकानही होतंच. पिक्चरमध्ये दिसणारी टोपी आणि शर्ट बाहेर विकायला होते. धंदा ९० कोटी डॉलरच्या वर झाला. हे सगळं कबूल.

पण त्या पिक्चरला थोडी लाज होती. शेवटी ग्रँट सांगतो, तुमच्या बागेला माझी सही मिळणार नाही. आणि मालकही मान खाली घालून म्हणतो, माझीही नाही. एक 'नाही' उच्चारलं गेलं होतं. माझं बालपण त्या 'नाही'वर पोसलंय.

२०१५ च्या पिक्चरनं पहिलं काम केलं ते 'नाही' पुसायचं. बाग उघडली आहे! त्याच बेटावर, २० हजारांवर गिऱ्हाईक, मोनोरेल, फूडकोर्ट. कंट्रोल रूममधला एक पोरगा जुन्या पार्कचा टी-शर्ट घालून बसतो, ईबेवरून १५० डॉलरला घेतलेला. मॅनेजरीण क्लेअर म्हणते, हे बरं दिसत नाही. पोरगा म्हणतो, हो, तिथं माणसं मेली, ठाऊक आहे. बस्स, झाली श्रद्धांजली. जोफ्रीच्या वाट्याला एक टी-शर्टही नाही, टी-शर्टवरचा टोमणा आला.

मग नवा प्राणी. इंडोमिनस रेक्स. प्रयोगशाळेत घडवलेला, पळून गेलेला. धरायला बंदुका घेऊन जवान पाठवतात, पण जीव घेणाऱ्या बंदुका नाहीत. का? मालक म्हणतो, या मालमत्तेत आपले २ कोटी ६० लाख डॉलर गुंतलेत, मारून कसं चालेल! दोन आकडे शेजारी ठेवा, दोस्तांनो. १९९३ मध्ये मेलेल्या माणसाच्या घरच्यांनी मागितले २ कोटी. २०१५ मध्ये जनावराची किंमत २ कोटी ६० लाख. जवान एकेक करून मरतात आणि कंट्रोल रूमच्या पडद्यावर त्यांच्या छातीच्या ठोक्यांच्या रेघा सपाट होत जातात. टूं. टूं. टूं. पुढचा सीन! खाणीतल्या हजेरीवहीपेक्षा एवढीच प्रगती झाली की आता मरताना रेघ दिसते.

आणि झारा. क्लेअरची असिस्टंट. बॉसच्या दोन भाच्यांना सांभाळायचं काम हिच्या गळ्यात मारलेलं. तिचा गुन्हा एवढाच की पोरं हातातून निसटली. तिला उडते सरडे उचलतात, हवेत एकमेकांकडे फेकतात, तलावात बुडवतात, पुन्हा वर काढतात, शेवटी तो मोसासॉरस तिला गिळतो. अख्ख्या पिक्चरमधलं सगळ्यात लांब, सगळ्यात मजा घेत दिलेलं मरण कोणाला? पगारावर दुसऱ्याची पोरं सांभाळणाऱ्या बाईला. त्यानंतर पिक्चर संपेपर्यंत तिचं नाव कोणी काढत नाही. ती पोरंसुद्धा नाही.

थेटरात लोक हसले. माझ्या शेजारी माझी आठ वर्षांची पोरगी बसली होती. ती हसली नाही. तिनं विचारलं, "पप्पा, त्या ताईनं काय केलं होतं?"

च्यायला, काय सांगू? एकवीस वर्षांनी तोच प्रश्न. मधल्या मध्ये मीच बिनडोक.

मालकाचं मरण बघा आता. मसरानी. आपला इरफान खान. त्याच्या एंट्रीला मीही शिट्टी मारली, खोटं बोलत नाही. हेलिकॉप्टर चालवायचं पुरतं लायसन नाही तरी शेठ स्वतः चालवायला बसतो, पाखरांच्या काचघरावर जाऊन आपटतो, त्या भोकातून उडती जनावरं सुटतात आणि खालच्या हजारो माणसांवर तुटून पडतात. सरळ हिशेबानं हा गुन्हा आहे. पण पिक्चर त्याला हौतात्म्य देतो. मालक मेला की बलिदान, नोकर मेला की गंमत. ही रीत बेटावरची नाही, आपल्या ओळखीची आहे.

आता मुद्द्याचं. पिक्चरमध्ये क्लेअर गुंतवणूकदारांना सांगते की डायनासोर बघून आता कोणाला काही वाटत नाही. गिऱ्हाइकाला अजून मोठा, अजून आवाजी, अजून जास्त दातांचा प्राणी पाहिजे. शहाणे लोक म्हणतात, वा, हा उपहास आहे! पिक्चर स्वतःलाच हसतोय! अरे, कसला उपहास? कंपनीनं जनावराला नाव विकत घेतल्याची थट्टा करायची आणि त्याच पिक्चरमध्ये मर्सिडीजची गाडी चकचकीत पुसून आणायची, सॅमसंगची अख्खी इमारत उभी करायची. स्वतःला एक चापट मारून घेतली की खिसा कापायची परवानगी मिळते, असा हा नवा करार. वर दोष आमच्या माथी! म्हणे तुम्हीच मागितलं.

कोणी मागितलं? नऊ वर्षांच्या पोरानं ग्लासभर पाणी हलताना बघितलं आणि त्याचं पोट भरलं होतं. जास्त दात आम्ही मागितले नव्हते. दात तुम्हाला पाहिजे होते, नव्या खेळण्याचा साचा पाहिजे होता.

पुरावा देतो. पाखरं ही डायनासोरांचीच नातलग, हे मला शाळेनं नाही, जुन्या पिक्चरमधल्या ग्रँटनं शिकवलं. १९९६ मध्ये चीनमध्ये पिसांचा डायनासोर सापडला. २००७ मध्ये व्हेलोसिरॅप्टरच्या हाताच्या हाडावर पिसांच्या मुळांच्या खुणा सापडल्या. म्हणजे विज्ञान पुढे गेलं. २०१५ चा रॅप्टर मात्र १९९३ सारखाच बोडका. सबबही तयार: आमचे प्राणी नैसर्गिक नाहीतच, जनुकांत भेसळ आहे. भेसळ जनुकांत नाही, नियतीत आहे. पहिल्या पिक्चरनं पोरांना नवं ज्ञान दिलं, या पिक्चरनं पोरांच्या बापांना त्यांचीच आठवण परत विकली. मोडकं व्हिजिटर सेंटर दाखव, जुनी जीप दाखव, जुनी धून वाजव. मी रडलो. हो, रडलो! पाकीटमाराला खिसा कुठं आहे ते ठाऊक असतं.

एक सीन खरा आहे. मरायला टेकलेला अपॅटोसॉरस. ग्रेडी त्याच्या मानेवर हात ठेवतो, ते डोळे मिटतात. तिथं पोरीनं माझा हात धरला. नंतर कळलं, त्या जनावराचं डोकं आणि मान माणसांनी हातानं बनवली होती, कॉम्प्युटरनं नाही. मी कॉम्प्युटरचा शत्रू नाही. १९९३ मध्येही कॉम्प्युटर होताच. त्या वेळी बाहुल्या हलवणारा फिल टिपेट कॉम्प्युटरचा टी-रेक्स बघून म्हणाला होता की आता मीच नामशेष. स्पीलबर्गनं ते वाक्य पिक्चरमध्ये घातलं, पण माणसाला हाकललं नाही. जनावर कसं चालतं हे यंत्रवाल्यांनी त्याच्याकडून शिकून घेतलं. यंत्र होतं आणि कारागिराचा शब्दही होता. पैसे तेव्हाही मिळाले, आताही मिळाले. पहिल्या तीन दिवसांत जगभरातून ५० कोटी डॉलरच्या वर, एकूण १६० कोटींच्या वर. गल्ला जिंकला. पण ग्लासातलं पाणी हललं नाही.

कोणी म्हणेल, करमणूक आहे, डोकं घरी ठेवून बघ. नाही ठेवणार. बापानं दिवसभर दगड फोडून तिकीट काढलं आणि डोकं बरोबर घेऊन आला. म्हणून त्या अंधारात शेकडो माणसांमधून त्याला एकट्याला जोफ्री दिसला.

बाप आता नाही. पोरगी मोठी झाली, स्वतःच्या पैशानं पिक्चर बघते. सातवा भाग बघायला तिनं मला ओढून नेलं, मीही गेलो, आठवा आला तर आठव्यालाही जाईन. आवड आहे, ती काय कापून टाकता येत नाही. पण गप्प बसून बघणार नाही. मालकांनो, दात वाढवा, शेपट्या वाढवा, दोन डोकी लावा. आमचा प्रश्न जुनाच आहे आणि तो पहिल्या पाच मिनिटांतला आहे.

त्या केसचं काय झालं? त्या बाईला पैसे मिळाले का?