देवळातली पोथी आणि पाद्रीचे पुराण

गेल्या चातुर्मासात डिचोलीतील एका देवस्थानाच्या महाजनांच्या सभेस आम्ही हजर होतो. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'ची, १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत संपादिलेली प्रत देवस्थानाच्या ग्रंथसंग्रहात ठेवावी, अशी सूचना आम्ही मांडली. बाटविणाऱ्यांची पोथी देवाच्या आवारात नको, असा निवाडा होऊन ती फेटाळली गेली. हरलेल्या दाव्याचे अपील करण्याची आम्हां वकिलांस खोडच असते. हे ते अपील समजावे.

आरोप खोटा आहे, असे आमचे म्हणणे नाही. १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पाडली गेली आणि त्याच साष्टीत, राशोल येथे, १६१६ मध्ये हे पुराण छापले गेले. नवख्रिस्त्यांचे मन मागे वळू नये, हा त्याचा हेतू उघड आहे. परंतु पुरावा एकाच पक्षाचा चाकर नसतो. देवळे पाडता आली, देवांस नदीपार जावे लागले. पण पुराण ऐकण्यास सरावलेला कान काही बदलता आला नाही. म्हणून तर १५७९ साली गोव्यात उतरलेल्या ह्या इंग्रज जेझुइटास बायबलातील कथा मराठी ओवीत, आणि त्याही सुमारे अकरा हजार ओव्यांत, सांगाव्या लागल्या. आमच्या पूर्वजांच्या श्रवणभक्तीस प्रतिपक्षाने दिलेली ह्याहून मोठी साक्ष कोणती?

पुढे २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉयने कोंकणी बोली सोडण्यास तीन वर्षांची मुदत दिली. तरीही आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या घरी तिन्हीसांजेचा तेर्स कोंकणीतच चालत राहिला. १९६९ पासून तर त्यांच्या चर्चमध्ये रविवारची बायबलवाचने तीन वर्षांच्या आणि इतर दिवसांची दोन वर्षांच्या चक्रात बांधून दिलेली आहेत. आज कोणता उतारा, हा प्रश्नच त्यांस पडत नाही.

आणि आम्ही? पेडणे, डिचोली हे नव्या काबिजादीतले महाल. पोर्तुगीजांकडे आले ते १७८० नंतर, आणि तेही धर्माचारांस हात न लावण्याच्या हमीवर. नार्व्याच्या श्रीसप्तकोटेश्वराचे देऊळ १६६८ मध्ये शिवछत्रपतींनी उभारविले, ते ह्याच डिचोलीत. येथे पोथी कोणी जाळली नाही, कोणी बंद केली नाही. ती आम्हीच फडक्यात बांधून कपाटात ठेवली, आणि कर्ण्यावर ध्वनिमुद्रित स्तोत्र लावून श्रवणाचे पुण्य पदरात पाडून घेतले! जत्रेच्या नाटकास, रोषणाईस पैसा निघतो (नाटक आम्हांसही प्रिय आहे), पण पुराणिकाच्या मानधनाचा रकाना त्या सभेपुढील अंदाजपत्रकात आम्हांस सापडला नाही.

वेळ नाही, ही सबब तर टिकणारी नव्हे. दासबोधाचे समास दोनशे. रोज एक वाचला तर सात महिन्यांच्या आत ग्रंथ पुरा होतो. ज्ञानेश्वरीच्या रोज पंचवीस ओव्या अर्थासह घेतल्या तर वर्ष पुरते. ह्यास दिवेलागणीनंतरचा अर्धा तास लागेल. ऐकणारे चारच असले तरी हरकत नाही. मात्र वाचणाऱ्याने अर्थ सांगितला पाहिजे आणि ऐकणाऱ्याने तो विचारला पाहिजे. नुसता घोष आम्हांस नको.

येत्या सभेत आम्ही दोन ठराव मांडणार आहोत: पहिला रोजच्या वाचनाचा, दुसरा 'क्रिस्तपुराणा'च्या प्रतीचा. पहिला संमत होऊन वर्षभर अमलात आला, तर दुसरा आम्ही मागे घेऊ. महाजनांनी दोन्ही फेटाळले, तर तशी कारणांसह नोंद इतिवृत्तात व्हावी, एवढी आमची मागणी राहील.