इंग्रजी चित्रपट पाहून इंग्रजी येते काय?

सिडने ल्युमेट यांच्या 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' या १९५७ सालच्या अमेरिकन चित्रपटात एक लहानसा प्रसंग आहे. खुनाचा आरोप असलेल्या, झोपडपट्टीत वाढलेल्या एका मुलाचे भवितव्य ठरविण्यासाठी ज्यूरीचे बारा सभासद एका खोलीत बसले आहेत. त्यांतील एक गृहस्थ त्वेषाने म्हणतो की, या पोराला धड इंग्रजीही बोलता येत नाही. आणि हे म्हणतानाच तो 'डझन्ट'च्या जागी 'डोन्ट' वापरतो. परदेशातून येऊन अमेरिकेत स्थायिक झालेला एक घड्याळजी तेवढाच शब्द शांतपणे दुरुस्त करतो.

तृतीयपुरुषी एकवचनी कर्त्याला क्रियापदाचे कोणते रूप लागते, हा नियम आपल्याकडील विद्यार्थी शाळेतच पाठ करतो. परंतु त्या रूपावरून माणसाची पायरी कशी ठरविली जाते आणि पायरी ठरविणाराच त्यात कसा उघडा पडतो, हे व्याकरणाचे पुस्तक सांगत नाही. चित्रपट ते काही सेकंदांत सांगतो. 'इंग्रजी सुधारावयाचे असेल तर इंग्रजी चित्रपट पाहा' हा महाविद्यालयीन तरुणांना हमखास मिळणारा सल्ला म्हणूनच निराधार नाही. चित्रपटांतून केवळ शिवराळ बोली आणि वेळेचा अपव्यय पदरी पडतो, हा जुन्या शिक्षकांचा आक्षेपही सर्वस्वी खोटा नाही. प्रश्न असा की, हा सल्ला कोणाच्या उपयोगी पडतो आणि कोणाच्या नाही?

प्रथम शब्दांचा हिशेब पाहू. स्टुअर्ट वेब आणि मायकेल रॉजर्स या अभ्यासकांनी २००९ साली ३१८ चित्रपटांतील संवादांची मोजदाद प्रसिद्ध केली. इंग्रजीतील सर्वाधिक वापराची तीन हजार शब्दकुटुंबे, म्हणजे मूळ शब्द व त्यापासून होणारी रूपे, ज्याला ठाऊक आहेत, त्याला विशेषनामे वगैरे धरून संवादांतील सुमारे ९५ टक्के शब्द ओळखीचे वाटतात. ९८ टक्क्यांपर्यंत जावयाचे तर सहा हजार शब्दकुटुंबे लागतात. ९५ टक्के म्हणजे वीस शब्दांमागे एक अनोळखी. तेवढा शब्द प्रसंगावरून, चेहऱ्यावरून ताडता येतो. पण ज्याची गंगाजळी हजारभर शब्दांचीच आहे, त्याच्या कानावर पडतो तो निव्वळ गोंगाट. तो चित्रे पाहतो. भाषा त्याच्यावरून वाहून जाते.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर चित्रपट ही अध्यापनाची पर्यायी वस्तू नव्हे, पूरक वस्तू आहे. चहा असेल तर साखरेला अर्थ. शिवाय या व्यवहारात ज्याच्या गाठी आधीच भांडवल आहे, त्यालाच व्याज मिळते. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. त्यापूर्वी ते पाचवीपासून असे. परंतु विषय लवकर सुरू होणे आणि तीन हजार शब्द कानाला परिचित होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

दुसरा हिशेब संदर्भांचा. कोशातील अर्थ कळूनही वाक्य कळत नाही, अशी वेळ येते ती येथे. 'गॅसलाइटिंग' हा शब्द घ्या. पॅट्रिक हॅमिल्टन यांचे १९३८ सालचे नाटक आणि त्यावरील १९४४ सालचा 'गॅसलाइट' हा चित्रपट यांत नवरा बायकोला वेडी ठरवू पाहतो. घरातले गॅसचे दिवे मंद झालेले तिला दिसतात आणि तो तिचा भास ठरविला जातो. त्यावरून एखाद्याचा स्वतःच्या बुद्धीवरील विश्वास पद्धतशीरपणे डळमळीत करणे, या अर्थी हा शब्द रूढ झाला. २०२२ साली मेरियम-वेब्स्टर या अमेरिकन कोशाने तो वर्षाचा शब्द म्हणून निवडला. 'बकेट लिस्ट' हा शब्दप्रयोग २००७ सालच्या एका हॉलिवूडपटाने जगभर नेला आणि २०१८ साली माधुरी दीक्षित यांच्या मराठी चित्रपटाचे ते नावही झाले. इंग्रजीत बादलीला लाथ मारणे म्हणजे मरणे, हा वाक्प्रचार ठाऊक नसेल, तर मरणापूर्वीच्या इच्छांच्या यादीत बादली कोठून आली, हे कोणताही शब्दार्थ सांगू शकत नाही.

यात इंग्रजीचे काही वैशिष्ट्य आहे असे मात्र नव्हे. एखाद्याला 'तळीराम' म्हटले की मराठी माणूस हसतो. गडकऱ्यांचा 'एकच प्याला' न वाचलेलाही हसतो. कारण तो शब्द घराघरांतून फिरला आहे. मराठी शिकू पाहणाऱ्या परकीयाला मात्र तो व्याकरणात सापडणार नाही. इंग्रजीच्या बाबतीत हा परकीय म्हणजे आपल्या तालुक्याच्या गावातला पदवीधर. मुलाखतीत प्रश्नांची उत्तरे तो बरोबर देतो. पण समोरची मंडळी कशावर हसली, हे त्याला उमगत नाही, आणि त्या क्षणी तो आपण बाहेरचे आहोत, असे मनाशी ठरवून टाकतो. पिएर बोर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हटले ते हेच. त्याचे वाटप परीक्षेच्या गुणांप्रमाणे होत नाही. ते घरातल्या पुस्तकांच्या कपाटाप्रमाणे आणि दिवाणखान्यातल्या गप्पांप्रमाणे होते.

युरोपचा अनुभव येथे उद्बोधक आहे. नेदरलँड्स, स्वीडन, डेन्मार्क, पोर्तुगाल अशा देशांत इंग्रजी चित्रपट व मालिका मूळ आवाजात, खाली स्वभाषेतील अक्षरे देऊन दाखविल्या जातात. जर्मनी, फ्रान्स, इटली, स्पेन येथे आवाजच बदलला जातो, म्हणजे डबिंग होते. इटलीत मुसोलिनीच्या राजवटीने १९३० पासून परभाषेतील संवादांना बंदी केली. स्पेनमध्ये फ्रँकोच्या राजवटीने १९४१ साली डबिंग सक्तीचे केले. लहान देशांना मुख्यतः खर्चामुळे डबिंग परवडले नाही. त्या काटकसरीचे फळ पुढे अनपेक्षितपणे मिळाले. काही अर्थशास्त्रज्ञांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले की, मूळ आवाज राखून उपशीर्षके देणाऱ्या देशांतील लोकांचे इंग्रजी लक्षणीयरीत्या सरस असते, आणि हा लाभ विशेषतः ऐकून समजण्याच्या कौशल्यात दिसतो.

आपल्याकडे काय झाले? १९९४ साली 'ज्युरासिक पार्क' हिंदीत आला आणि त्याच्या यशाने हॉलिवूडपटांना लहान गावांची चित्रपटगृहे खुली झाली. करमणुकीचा हा विस्तार स्वागतार्हच होता. पण महानगरातल्या मुलाला चित्रपटाबरोबर इंग्रजीही मिळाले. तालुक्यातल्या मुलाला डायनोसॉर मिळाला, इंग्रजी नाही. आता मोबाइलवर तोच चित्रपट मूळ आवाजात आणि इंग्रजी अक्षरांसह पाहण्याची सोय झाली आहे. तथापि, इंग्रजी चित्रपटाखाली मराठी अक्षरे दिसणे हा अजूनही अपवाद आहे. ज्याला इंग्रजी अक्षरे वेगाने वाचता येत नाहीत, त्याला पहिल्या पायरीवर नेमकी तीच लागतात.

मग करावे काय? उपाय खर्चिक नाहीत. भारतीय प्रताधिकार कायद्याचे, म्हणजे १९५७ च्या अधिनियमाचे ५२वे कलम शिक्षणसंस्थेला आपल्या कार्यक्रमांत, प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक व संस्थेच्या कार्याशी संबंधित व्यक्तींपुरते मर्यादित ठेवून, चित्रपट दाखविण्याची मुभा देते. महिन्यातून एकदा, संपूर्ण चित्रपट नव्हे, वीस मिनिटांचा एखादा प्रसंग घ्यावा. प्रथम तो अक्षरांसह दाखवावा, दहा-बारा शब्द व दोन-तीन संदर्भ फळ्यावर उलगडावेत आणि पुन्हा अक्षरांविना दाखवावा. 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' दाखविण्यापूर्वी त्याच कथेवरचा बासू चटर्जी यांचा 'एक रुका हुआ फैसला' पाहिलेला असेल तर अधिक बरे. कथा ठाऊक असली की लक्ष भाषेकडे जाते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने आपल्याकडची ज्यूरी संपविली, तेव्हा बारा जणांचे एकमत का हवे, हे शिक्षकालाच सांगावे लागेल. ते सांगितले नाही तर त्या खोलीतला सारा ताण विद्यार्थ्याला निरर्थक वाटेल. मराठी उपशीर्षके तयार करून घेण्यावर शासनाने थोडा खर्च केला, तर तो भाषाशिक्षणावरचाच खर्च ठरेल. त्यात मराठीचेही हित आहे, कारण ती लिहिताना आजची बोलती मराठी कामाला लागेल.

'चित्रपट पाहा' एवढे सांगून हात झटकणे म्हणजे रिकाम्या हाताच्या माणसाला बँकेत व्याज चांगले मिळते म्हणून सांगण्यासारखे आहे. आधी त्याच्या खात्यात काही शब्द जमा व्हावयास हवेत. ते काम वर्गाचे आहे, आणि ते वर्गाने केले तरच पडदा पुढचे काम करील.