सोन्याच्या कणातील लेसर आणि त्याची घट

बंगळूरच्या चिकपेट बाजारात रेशमी साडी घेणारे गिऱ्हाईक पदर उजेडात नेऊन जरीचा रंग पारखते. सोने पिवळेच असावयाचे, अशी या पारखीमागची समजूत असते. बाजारापुरती ती ठीक आहे. परंतु सोन्याचे कण काही दशक नॅनोमीटर व्यासाचे करून पाण्यात विखुरले, तर तेच सोने माणकासारखे तांबडे दिसते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. मायकेल फॅरडे याने १८५७ साली असे तांबडे द्राव तयार केले होते.

धातूतील मोकळे इलेक्ट्रॉन इतक्या लहान कणात कोंडले गेले म्हणजे विशिष्ट तरंगलांबीच्या प्रकाशाने ते सर्व एकाच तालात हेलकावू लागतात. झोपाळ्याला नेमक्या वेळी रेटा मिळावा तसे. यालाच प्लाझ्मॉन अनुनाद म्हणतात. सोन्याच्या कणात हिरवा प्रकाश या हेलकाव्यात खर्ची पडतो, आणि तांबडा तेवढा पार होतो.

नेहमीच्या लेसरमध्ये प्रकाश दोन आरशांमध्ये येरझारा घालून बळावतो. त्या आरशांमधील अंतर निम्म्या तरंगलांबीहून कमी करता येत नाही. प्लाझ्मॉनला हे बंधन नाही, कारण त्याची बरीच ऊर्जा इलेक्ट्रॉनांच्या हालचालीत असते. हे हेरून डेव्हिड बर्गमन व मार्क स्टॉकमन यांनी २००३ साली आरशांच्या जागी धातूचा कण योजला आणि त्या साधनाला ‘स्पेझर’ असे नाव दिले. २००९ साली मिखाईल नोगिनोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोन्याचा गाभा आणि त्याभोवती रंगद्रव्य मुरविलेले सिलिकेचे कवच असा ४४ नॅनोमीटर व्यासाचा कण करून ५३१ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश मिळविला. प्रकाशाच्या तरंगलांबीच्या बाराव्या हिश्शाएवढा हा लेसर! असे अनुनादी घटक ठराविक नक्षीत मांडून सर्वांकडून एकाच दिशेने झोत काढावा, अशी कल्पनाही २००८ साली पुढे आली. द्रव्यापेक्षा रचनेमुळे गुण धारण करणाऱ्या अशा पदार्थास मेटामटेरिअल म्हणतात. जगदीशचंद्र बोस यांनी १८९८ साली तागाच्या पिळलेल्या जुड्यांतून विद्युत्-तरंग पाठवून त्यांचे ध्रुवण वळविले होते, ते याच जातीचे काम होय.

येथवर सर्व मोहक आहे, आणि म्हणूनच विजेऐवजी प्रकाशावर चालणारी गणकयंत्रे आता दारात उभी आहेत, असे विद्यार्थ्यांना सांगण्याचा मोह होतो. तो आवरणे इष्ट. दागिना घडविताना सोनार घट धरतो. येथेही ती धरावी लागते, आणि ती फार मोठी आहे. हेलकावणारे इलेक्ट्रॉन धातूत आदळतात व ऊर्जेची उष्णता होते. प्रकाश जितका आवळून कोंडावा तितका धातूचा हा कर वाढतो. कारागिरी सुधारल्याने तो थोडा घटेल. पण तरंगलांबीहून पुष्कळ लहान जागेत प्रकाश कोंडावयाचा, तर धातूच्या वाटेने तो पुरता चुकविता येणार नाही. नोगिनोव्ह यांच्या कणांना ऊर्जा पुरविण्यासाठीही बाहेरून नेहमीच्या मोठ्या लेसरचे स्पंद द्यावे लागलेच. पणती पेटविण्यास मशाल लागावी, तसाच हा प्रकार. शिवाय ते मोजमाप एकट्या कणाचे नव्हते, द्रवात तरंगणाऱ्या असंख्य कणांचे होते, हेही शाळेत सांगितले पाहिजे.

मग हा उद्योग व्यर्थ का? मुळीच नाही. जेथे प्रकाश दूर न्यावयाचा नसून एकाच बिंदूवर प्रखर करावयाचा असतो, तेथे ही घट परवडते. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी आपल्या आयुष्याची अखेरची दशके बंगळूरात काढली. त्यांच्या नावाचे प्रकीर्णन मुळात अतिशय क्षीण. पण १९७४ साली इंग्लंडात चांदीच्या खडबडीत पृष्ठभागावर ते कितीतरी पटींनी तीव्र झालेले आढळले, आणि त्याचे मुख्य कारण प्लाझ्मॉन हेच ठरले. अत्यल्प द्रव्य ओळखण्यासाठी ही युक्ती आज प्रयोगशाळांतून रूढ आहे. २०१७ साली तर २२ नॅनोमीटरचे स्पेझर जिवंत पेशींत सोडून पाहण्यात आले. तेथे त्यांच्या प्रकाशाने कर्कपेशी ओळखता आल्या, आणि जी उष्णता गणकयंत्रात अडचण ठरते, तिचाच त्या पेशी मारण्यास उपयोग झाला.