जाहीरनाम्यात आमच्या हक्काचा निधी कुठे आहे?

निवडणूक आली की प्रत्येक पक्षाला बौद्ध वस्त्या आठवतात. उमेदवार गळ्यात निळा गमछा घालून येतो, बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालतो, विहाराला सभामंडप देऊ म्हणतो आणि निघून जातो. सभामंडप कधीकधी मिळतोही. पण ज्या छापील कागदावर त्याचा पक्ष पाच वर्षांचा कारभार लिहून देतो, तो जाहीरनामा आपल्या वस्तीत कुणी मागत नाही आणि कुणी वाचत नाही. ही आपली सवय प्रस्थापित पक्षांच्या चांगलीच पथ्यावर पडली आहे. राज्य विधानसभेच्या पुढच्या निवडणुकीसाठी नवे जाहीरनामे छापले जातील. त्याआधी २०२४ चे जुने कागद काढून शेजारीशेजारी ठेवावेत, असे आम्ही समाजाला सुचवतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये महायुतीने कोल्हापुरात दहा वचने दिली. लाडक्या बहिणीचे १५०० रुपये २१०० करू, शेतकऱ्यांचे कर्ज माफ करू, वृद्धांचे निवृत्तिवेतन २१०० करू, २५ लाख रोजगार देऊ, वीजबिल ३० टक्क्यांनी उतरवू, असा तो पाढा होता. दुसऱ्याच दिवशी महाविकास आघाडीने मुंबईत पाच हमी जाहीर केल्या. महिलांना ३००० रुपये आणि मोफत बसप्रवास, ३ लाखांपर्यंत कर्जमाफी, बेरोजगारांना ४००० रुपये, २५ लाखांचा आरोग्य विमा, आणि जातनिहाय जनगणना करून आरक्षणाची ५० टक्क्यांची मर्यादा उठवणे. लिलावात बोली चढावी तसा आकडा चढत गेला.

दोन्ही कागद सारखेच होते असे मात्र आम्ही म्हणणार नाही. जातनिहाय जनगणना आघाडीच्या हमीत होती, महायुतीच्या दहा वचनांत नव्हती. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्रातील भाजप सरकारलाच जनगणनेत जातींची मोजणी करण्याचा निर्णय घ्यावा लागला. म्हणजे मागणी रास्त होती. ५० टक्के मर्यादेचे तसे नाही. इंद्रा साहनी खटल्यात १९९२ साली घातलेली ही मर्यादा मे २०२१ मध्ये मराठा आरक्षणाच्या खटल्यात पुन्हा उचलून धरली गेली. राज्याच्या विधिमंडळाने एकट्याने कायदा करून ती उठत नाही, त्यासाठी घटनादुरुस्ती हवी किंवा सर्वोच्च न्यायालयाच्याच मोठ्या पीठाने आपला निकाल बदलायला हवा. राज्याच्या निवडणुकीत ही हमी देताना हे सांगणे वकिलांनी भरलेल्या पक्षांना अवघड नव्हते.

आता मूळ मुद्दा. त्या दहा वचनांत आणि त्या पाच हमींत अनुसूचित जाती घटक योजनेचे नावसुद्धा नव्हते.

ही योजना काय आहे, हे आपल्या पदवीधर मुलांनाही नीट ठाऊक नसते म्हणून सांगतो. लोकसंख्येच्या प्रमाणात विकासाचा पैसा अनुसूचित जातींसाठी वेगळा काढून ठेवायचा, हे तत्त्व १९७९-८० पासून चालत आले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात हे प्रमाण ११.८ टक्के आहे. हा पैसा दुसरीकडे वळवू नये आणि वर्ष संपले म्हणून बुडवू नये, असे नियोजन आयोगाने सांगितले होते. शिष्यवृत्ती, वसतिगृहे, स्वाधार, दादासाहेब गायकवाड सबळीकरण योजनेतील जमीन खरेदी हे सारे याच निधीच्या भरवशावर चालते. पण नियोजन आयोगाचे सांगणे म्हणजे मार्गदर्शक सूचना. सूचना मोडली म्हणून कुणी तुरुंगात जात नाही, कुणाची बढतीही थांबत नाही.

सूचना मोडल्यावर काय होते ते मे २०२५ मध्ये दिसले. लाडकी बहीण योजनेच्या एप्रिलच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख रुपये वळवले गेले. खुद्द सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. मंत्र्याच्या खात्यातून पैसा जातो आणि मंत्री आपल्यासारखाच तक्रार करत बसतो! स्वाधार योजनेत महानगरपालिका असलेल्या शहरात शिकणाऱ्या मुलाला वर्षाला ५१ हजार रुपये मिळतात (मुंबई-पुण्यात ६० हजार). त्या दराने ४१० कोटींत ८० हजार मुलांचे वर्ष निघते. आणि हा एका महिन्याचा हप्ता होता.

सरकारी बाजूचा युक्तिवाद असा की लाभार्थींत अनुसूचित जातींच्या महिलाही आहेत, मग पैसा त्यांच्यावरच खर्च झाला ना? हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो, पण टिकत नाही. ती बहीण राज्याची नागरिक म्हणून योजनेला पात्र आहे. इतर बहिणींचे पैसे सर्वसाधारण तिजोरीतून येणार आणि आमच्या बहिणीचे मात्र तिच्याच मुलाच्या वसतिगृहातून काढणार, हा कुठला न्याय? उद्या रस्त्यावरून दलितही चालतात म्हणून रस्त्याचा खर्च घटक योजनेत टाकतील. १५०० रुपयांनी मोलमजुरी करणाऱ्या आमच्या आयाबहिणींच्या घरी गॅस भरला जातो, हे आम्ही रोज पाहतो. त्यांच्या तोंडचा घास काढा असे आम्ही म्हणत नाही, तो घास कुणाच्या ताटातून वाढला जातो एवढेच विचारतो.

आंध्र प्रदेशाने २०१३ मध्ये या निधीसाठी कायदा केला, कर्नाटकाने त्याच वर्षी केला, तेलंगणाने २०१७ मध्ये. २०२४ च्या निवडणुकीपर्यंत फुले-शाहू-आंबेडकरांच्या महाराष्ट्रात असा कायदा झाला नव्हता. त्याआधीच्या पंधरा-वीस वर्षांत चारही मोठे पक्ष कधी ना कधी सत्तेत होते, तेव्हा यात कुणाचे हात स्वच्छ नाहीत. शिवाय कायदा झाला म्हणजे सारे झाले असेही नाही. कर्नाटकाच्या कायद्यातील ७(ड) या कलमाने सर्वसाधारण कामांचा खर्च या निधीत दाखवण्याची पळवाट ठेवली होती. ती २०२३ मध्ये काढली, आणि त्याच वर्षी काँग्रेस सरकारने आपल्या हमी योजनांसाठी याच निधीतून ११ हजार कोटींहून अधिक रक्कम दाखवली. म्हणून नुसते 'कायदा करू' हे वचन आम्हाला पुरेसे वाटत नाही. वळवलेला पैसा किती महिन्यांत परत येणार आणि वळवणाऱ्यावर काय कारवाई होणार, हे कलम वाचायला मिळाले पाहिजे.

जमिनीचेही तेच. मराठवाड्यातील आपल्या बांधवांनी दोन-दोन पिढ्या कसलेली गायराने आहेत. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करायची ठरवली, तरी कितीतरी कुटुंबांच्या हाती सातबारा आला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जगपाल सिंग निकालात गायराने मोकळी करायला सांगितली, पण सरकारी अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवाद त्याच निकालात आहे. नोटिसा काढताना तहसीलदाराला निकालाचा पहिला भाग पाठ असतो. दुसरा भाग अमलात आणण्याचे वचन त्या दहांत आणि पाचांत शोधूनही सापडत नाही.

वंचित बहुजन आघाडीने २०२४ मध्ये 'जोशाबा समतापत्र' काढले. जोतीराव, शाहू, बाबासाहेब ही नावे शीर्षकातच असलेला जाहीरनामा निघतो, याचे आम्हाला समाधान आहे. पण २०० च्या आसपास जागा लढवून एकही आमदार निवडून आला नाही, तेव्हा तो कागद विधानसभेच्या पटलावर कोण मांडणार? स्वतंत्र मजूर पक्षाने १९३७ च्या निवडणुकीत कुळांच्या संरक्षणाचे वचन दिले होते. फेब्रुवारीत निवडणूक झाली आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधानसभेत मांडले. पक्ष विरोधी बाकांवर होता. विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही, तरी निवडणूक आणि विधेयक यांत आठ महिन्यांचेसुद्धा अंतर नव्हते.

जाहीरनाम्यातील वचन मोडले म्हणून कोर्टात जाता येईल, अशा भ्रमात कुणी राहू नये. जाहीरनाम्यातील आश्वासन हा निवडणूक कायद्यातील भ्रष्टाचार ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सुब्रमण्यम बालाजी खटल्यात म्हटले आहे. मात्र त्याच निकालानंतर आदर्श आचारसंहितेत जाहीरनाम्याचे प्रकरण आले आणि वचनासाठी पैसा कुठून आणणार हे पक्षांनी सांगावे, अशी अपेक्षा तिथे लिहिलेली आहे. ती अपेक्षा विहाराच्या ओट्यावर पूर्ण करून घेता येते. उमेदवार आला की त्याला हाराच्या आधी खुर्ची द्यावी आणि पक्षाचा छापील जाहीरनामा मागावा. घटक योजनेच्या कायद्याचे पान कुठले, लाडक्या बहिणीचा पैसा कुठल्या खात्याचा, गायरानाचे पट्टे कुठल्या वर्षी, हे विचारावे. तोंडी उत्तर देऊ लागला तर पक्षाच्या लेटरहेडवर सहीनिशी घ्यावे आणि त्याची झेरॉक्स विहाराच्या फळ्यावर पाच वर्षे लावून ठेवावी.