अभिप्रायाचा कागद

कुठलंही प्रशिक्षण संपत आलं की शेवटच्या दहा मिनिटांत हातात एक कागद येतो. विषयाची मांडणी कशी वाटली, मार्गदर्शक कसे वाटले, बैठकव्यवस्था, भोजन.. १ ते ५ पैकी एका आकड्याला गोल करा. बाहेर एसटीची वेळ झालेली असते. माणसं भराभर ४ आणि ५ ला गोल करतात, सूचनेच्या रकान्यात 'कार्यक्रम छान झाला' लिहितात आणि पळतात. अहवालात प्रशिक्षण 'यशस्वी' होतं.

हा कागद बंद करावा असं माझं स्पष्ट मत आहे. निदान त्याला मूल्यमापन म्हणणं तरी बंद करा. लग्नात यजमान 'जेवलात ना?' विचारतात, तेवढंच त्याचं मोल.

गंमत म्हणजे ज्यांचं नाव घेऊन हा कागद खपवला जातो, त्या डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली चार पायऱ्या मांडायला घेतल्या होत्या: लोकांना कसं वाटलं, ते काय शिकले, कामावर परतल्यावर त्यांच्या वागण्यात काय बदललं, आणि त्यातून संस्थेच्या पदरात काय पडलं. आपण पहिल्याच पायरीवर सतरंजी टाकून बसलोय.

बरं, 'छान वाटलं' म्हणजे 'आलं' असं तरी आहे का? रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग बघा. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने चारही सत्रांत तो नुसता वाचला. दुसऱ्याने एका सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तर वाचणारे पुढे. आठवड्याने मात्र लिहिणाऱ्यांना ६१ टक्के आठवत होतं, वाचणाऱ्यांना ४०. आणि 'मला हे लक्षात राहील' असा भरवसा जास्त कुणाला होता? वाचणाऱ्यांना! त्याच संध्याकाळी आपला कागद वाटला असता तर ५ ला गोल कुणी केला असता, सांगायला नको.

आमच्या घरात तीन शिक्षक, त्यामुळे पुढचं वाचून फोन येणार हे धरून चाललोय. पण शिक्षक-प्रशिक्षणाची गत फार वेगळी नाही. राज्य, मग जिल्हा, मग तालुका, मग केंद्र.. प्रत्येक पायरीवर थोडं सांडत सांडत शेवटी वर्गाच्या दाराशी पोचते ती पीपीटी. २०१९ मध्ये केंद्र सरकारने 'निष्ठा' सुरू केलं, लक्ष्य सुमारे ४२ लाख. २०२० मध्ये ते ऑनलाइन आलं, १८ मॉड्यूल. आशय वाईट नव्हता हो. पण किती जणांनी पूर्ण केलं हे मोजायला सोपं, म्हणून चर्चा त्याचीच. चौथीतल्या पोराला हातच्याची वजाबाकी आता जमते का, हे मोजायला वर्गात जावं लागतं.

खरं तर आखणी तिथूनच, उलटी करायला हवी. परतलेल्या बाई सोमवारी वर्गात नेमकं काय वेगळं करणार? ते एका वाक्यात सांगता येत नसेल तर हॉल बुक करू नका. सांगता येत असेल तर भाषण कमी करा, मुलांच्या खऱ्या वह्या समोर ठेवा, चूक कुठे झाली ते शोधू द्या, एकमेकांना शिकवून बघू द्या. आणि तीन महिन्यांनी कुणीतरी जाऊन मागच्या बाकावर बसा. तपासणीला नव्हे, बघायला. (हा फरक आपल्याकडे समजावून सांगणं हेच एक वेगळं प्रशिक्षण होईल. असो.)

पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न ठरलेला. तीन दिवसांचं प्रशिक्षण दोन दिवसांचं करा. बॅनर, शाल-श्रीफळ, उद्घाटनाची भाषणं आणि तिसऱ्या दिवसाचा प्रवासभत्ता वाचला की केंद्रातल्या काही वर्गांच्या भेटी त्यातच निघतील. जेवणाला हात लावू नका. त्याचे ५ पैकी ५ बहुतेक वेळा खरे असतात.